उपाशी ताटल्यांचं हळदीकुंकू

चहा घ्या, पण हातातला कप आधी खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना आमच्या शेजारच्या वहिनींनी कोरी पांढरी साडी खराब करून घेतली आहे, आणि तो डाग चहाचा की हळदीचा यावरून गल्लीत पुन्हा माझंच नाव निघालं.

फजिती माझीच आहे. दुसऱ्याची सांगितली तर पाप लागतं. स्वतःची सांगून पुण्य लागतं असंही नाही, पण पोट हलकं होतं.

मी यवतमाळातली साध्या घरची बाई. सोमवार, संकष्टी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्र, असं वर्षभर माझं काही ना काही चालूच असतं. आमचे हे शाळेत गणित शिकवायचे, आता घरी बसून मला शिकवतात. ते म्हणतात, "हिच्या पोटाले कॅलेंडर पाहून भूक लागते." म्हणू देत. माझ्या उपासाच्या भगरीवर ताव मारताना यांना कॅलेंडर आठवत नाही.

आणि आमची पल्लवी, एकुलती एक लेक. इथल्याच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत संशोधन करते. काय करते? तर जंतूंना आठवण ठेवायला शिकवते.

हसू नका. मीही आधी हसले होते. घरात बापाला चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, आणि ही जंतूंच्या मागे लागलेली! पण हे जंतू रोगाचे नव्हेत. बिनउपद्रवी जातीचे, पाळलेले. ते गोल काचेसारख्या प्लास्टिकच्या ताटलीत वाढवतात, वर झाकण असतं. त्यांच्या पेशीत पल्लवी दोन नवी जनुकं बसवते आणि त्या दोघांचा असा काही मेळ घालते, की पेशीला एखादी गोष्ट एकदा कळली की ती कायमची लक्षात राहते.

मला हे बरेच दिवस कळेना. शेवटी गेल्या नवरात्राआधी तिनं आमच्या स्वयंपाकघरात समजावून सांगितलं. मी राजगिरा भाजत होते. आमच्या मोठ्या जाऊबाई बोरी अरबहून आल्या होत्या, त्या शेंगदाणे निवडत होत्या. भाऊजी गेल्यापासून सणावाराला त्या आमच्याकडेच असतात. जीभ अशी, की शेंगदाणासुद्धा घाबरून सालपट सोडतो.

"आई, दोन जावा आहेत असं समज," पल्लवी म्हणाली. "एका घरात. पहिली बोलाले लागली का दुसरीले तोंड उघडू देत नाही. दुसरी सुरू झाली का पहिलीले गप्प करते."

"अशी घरं असतात म्हणते," जाऊबाई माझ्याकडे न पाहता बोलल्या.

"आता पहिली बोलून राह्यली, दुसरी गप्प. अशात बाहेरून कोणी आलं आन् पहिलीच्या तोंडात साखर भरली. ती घडीभर गप्प झाली. तेवढ्यात दुसरीनं सुरू केलं. मंग साखर विरघळून गेली तरी पहिलीले बोलता येत नाही, कारण आता दुसरी तिले बोलूच देत नाही."

"मंग?"

"मंग दुसरीचंच राज्य. तिच्या लेकी, नाती, साऱ्याइची तीच चाल. साखर कवाची गेली, पण पेशीले आठवते का कधीतरी आलती. आन् ही दुसरी बोलते म्हंजे हिरवी चमकते. अंधारात निळा दिवा धरला का दिसते."

जाऊबाईंनी शेंगदाण्यातला खडा फेकला. "आन् थे साखर कोणं आणून देल्ली?"

"मी."

"म्हंजे भांडण तूच लावून राह्यली, बाई."

पण मला एकदम उमगलं. हा तर वसा! उतायचं नाही, मातायचं नाही, एकदा घेतला की टाकायचा नाही. माझ्या मनात त्या जंतूंबद्दल आदर उत्पन्न झाला. मागल्या एकादशीला लग्नाच्या मांडवात बसून मी अर्धी जिलबी खाल्ल्यावर मला एकादशी आठवली होती. हे बिचारे माझ्यापेक्षा बरे.

तर झालं असं, की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून एक मोठे सर पल्लवीचं काम पाहायला येणार होते. त्यांना पटलं तर काम पुढे चालू राहणार. नाही पटलं तर ती खोली, ती यंत्रं दुसऱ्या कोणाला, आणि आमच्या पोरीनं पहिल्यापासून दुसरं काहीतरी शोधायचं. तिच्या इतक्या वर्षांच्या कष्टांचा निकाल एका सकाळीत! पोरगी वाळून चालली होती. भाजीत मीठ नाही हे तिला कळत नव्हतं, आणि मला ते कळूनही सांगवत नव्हतं, कारण मीठ मीच विसरले होते.

आता अशा वेळी आई काय करणार? घट बसले त्या सकाळी मी केळापूरच्या देवीला हात जोडले आणि नवस बोलले. "आई जगदंबे, पोरीच्या साऱ्या ताटल्या उजळू दे. एकही मागं राहू देऊ नको. पांढरकवड्यापासून अनवाणी चालत येईन, तुझी ओटी भरीन." यवतमाळपासून म्हणणार होते, पण आधी गुडघ्यांना विचारून घेतलं.

एकही मागं राहू देऊ नको. हे वाक्य लक्षात ठेवा. मी तर किती ठसक्यात बोलले होते!

खंडेनवमीला प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा असते. तिथले शिपाई किसनभाऊ दरवर्षी हौसेनं करतात. त्या दिवशी घरच्यांनाही बाहेरच्या खोलीपर्यंत येऊ देतात. मी सोवळ्यासारखी धुवट हिरवी साडी नेसले, पूजेचं ताट घेतलं, करंड्यात ताजी हळद भरली. जाऊबाईंना चला म्हटलं. त्या म्हणाल्या, "हळदीकुंकवाचं काम, मी कायले?"

हे त्या नेहमीच म्हणतात. आमच्याकडे चैत्राचं हळदीकुंकू असलं की त्या आधी पन्हं करतात, डाळ वाटतात, आणि बायका यायला लागल्या की मागच्या खोलीत जाऊन बसतात. मला ते दर वर्षी खुपतं. पण करंडा घेऊन त्या खोलीत जायचं धाडस मला कधी झालं नाही. चार बायका काय म्हणतील, हे माझ्या मनात आधी येतं. असो.

पल्लवीनं दारातच बजावलं. आतल्या खोलीत जायचं नाही. काही उघडायचं नाही. काही सांडायचं नाही. हळद मी सांगेन तिथेच लावायची.

मी सगळं ऐकलं. तराजूला हळद लावली, गरगर फिरणाऱ्या यंत्राच्या झाकणाला लावली, सूक्ष्मदर्शकाला फूल वाहिलं. आणि मग टेबलावर पाहते तर सहा ताटल्या मांडलेल्या. कडेनं पट्टी लावून बंद केलेल्या. दसऱ्यानंतर दाखवायच्या त्याच ह्या. फोटोची तालीम करायला काढल्या होत्या. तिघींवर हिरवी चिठ्ठी, तिघींवर पांढरी.

"ह्या काय व?"

"हिरव्या चिठ्ठीवाल्याइले साखर दाखवली आन् काढून घेतली. पांढऱ्यावाल्याइले दाखवलीच नाही."

"काहून?"

"तुलनेसाठी, आई."

तुलना! अहो, ज्या बाईनं सासरी आल्या दिवसापासून "मोठीच्या पुरणपोळीले पाहा" हे ऐकलं, तिला तुम्ही तुलना सांगता? माझ्या काळजात कळ आली. तिघी बहिणींना साखर आणि तिघी उपाशी! आमच्याकडे पंगतीत एकाच्या पानात तूप पडलं आणि दुसऱ्याच्या नाही, तर त्याला पंक्तिप्रपंच म्हणतात आणि त्याचं पाप वाढणारणीला लागतं. वाढणारीण कोण? माझी लेक!

पांढऱ्या चिठ्ठीवाल्यांनी अंधारात राहणं हेच त्यांचं काम, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. (पल्लवी म्हणते, सांगितलं होतं. असेल. राजगिरा भाजताना करपू नये म्हणून मी मधेमधे ऐकत नव्हते.)

तेवढ्यात तिच्या मार्गदर्शक मॅडमनं तिला आत हाक मारली. खोलीत मी, आणि त्या सहा जणी.

मी इकडेतिकडे पाहिलं. करंगळीशेजारचं बोट हळदीत बुडवलं आणि तिन्ही उपाशींच्या झाकणावर, मधोमध, एकेक बोट टेकवलं. अलगद. "तुमच्यावर कोणी अन्याय करणार नाही व मायहो," असंही पुटपुटले. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला मागच्या खोलीत बसलेल्या जाऊबाई दिसल्या. त्यांना जे देता आलं नाही ते मी प्लास्टिकच्या ताटल्यांना देऊन मोकळी झाले. धाडस म्हणतात ते हेच!

आतून चपलांचा आवाज आला. मी घाबरले, आणि पदरानं तिन्ही झाकणं पुसली. वाकून पाहिलं. डाग नाही, काही नाही, लख्ख. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुला बजावलं होतं. हो ना. उघडायचं नाही म्हटलं, मी उघडलं नाही. सांडायचं नाही म्हटलं, सांडलं नाही. हळद सांगेल तिथेच. हां, इथे जरा घसरले.

आणि मी तर प्लास्टिकच्या डब्यात एकदा आमटी ठेवून तो डबा जन्माचा पिवळा केलेली बाई! हळद प्लास्टिक सोडत नाही, हे मला नाही तर कोणाला माहीत असणार? पण तेव्हा काही सुचलं नाही.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीच हिरवी साडी नेसले, शुभ म्हणून. गालांना हळद, हातांना हळद, मंगळसूत्राच्या वाट्यांना हळद. पल्लवी सांगून गेली होती की तुम्ही कोणी यायची गरज नाही. म्हणून आम्ही जरा उशिरा गेलो. मी, हे, आणि या वेळी जाऊबाईही. पोरीसाठी जीव त्यांचाही तुटत होताच. सोबत पेढ्यांचा मोठा खोका.

व्हरांड्यातल्या बाकावर आम्हाला बसवलं. आतल्या अंधाऱ्या खोलीत सर, मॅडम आणि पल्लवी. दार बंद. मी मनात देवीचं नाव घेत होते. हे घड्याळ पाहत होते. जाऊबाई मला पाहत होत्या आणि म्हणत होत्या, "हालून नोको राहू, बाक कुरकुरते."

किसनभाऊ दार किलकिलं करून बाहेर आले. मी उठलेच. "काय झालं, भाऊ?"

"साऱ्याच चमकल्या म्हणते, बाई."

बस! सगळ्या! एकही मागे राहिली नाही! देवीनं माझा शब्द न् शब्द ऐकला होता. मी खोका उघडला. किसनभाऊंच्या तोंडात पेढा. व्हरांड्यातून जाणाऱ्या पोरापोरींना पेढे. पाण्याचं मशीन दुरुस्त करायला आलेल्या माणसाला दोन, कारण तो म्हणाला मी आत्ताच आलो, मला काही माहीत नाही. मग उमरखेडला माझ्या भावाला फोन. भावाचं दुकान आहे, आणि त्याला बातमी सांगणं म्हणजे दवंडीवाल्याला बातमी सांगणं. "पोरीनं जिंकलं रे, साऱ्या चमकल्या." काय चमकलं हे त्यानं विचारलं नाही. आमच्या माहेरी आनंदाच्या बातमीत खोलात शिरत नाहीत. माझा फोन टिंगटिंग वाजू लागला. मामेबहीण, मावशी, भावाची गिऱ्हाइकं. एकानं तर पल्लवीच्या फोटोला हार, दिवे आणि दोन मोर लावून पाठवले.

हे म्हणाले, "जरा थांबली असतीस तर. अजून तिच्या तोंडून काही आयकलं नाही आपण."

गणिताच्या माणसाला आनंदसुद्धा पडताळा घेऊन करायचा असतो.

मग दार उघडलं आणि पल्लवी बाहेर आली. चेहरा पांढरा. डोळे भरलेले. हर्षानं माणसाचं असं होतं, मी पाहिलं आहे. तिनं तोंड उघडलं, आणि मी त्यात पेढा भरला.

पोरीला बोलता येईना. मग मी सुरू झाले. मामा काय म्हणाला, मोर किती सुंदर आहेत, केळापूरला कधी जायचं. ती हात हलवून काही सांगत होती, मी दुसरा पेढा घेतला. तेव्हा जाऊबाईंनी माझं मनगट धरलं.

"तिनंच सांगतलं होतं ना व? तोंडात साखर कोंबली का दुसरीचं राज्य. थोडी गप्प बस. पोरगी रडून राह्यली."

पल्लवीनं पेढा गिळला. "आई, साऱ्या चमकल्या."

"हाव ना, बेटा."

"ज्याइले साखर दाखवलीच नाही, त्याही चमकल्या. त्याच जास्त चमकल्या." तिनं डोळे पुसले. "जे झालंच नाही थे त्याइले आठवून राह्यलं, आई. म्हंजे त्याइले काहीच आठवत नाही. म्हंजे मी केलेलं सारं चुकलं."

मी यांच्याकडे पाहिलं. हे हळूच म्हणाले, "कोरा पेपर देणाऱ्यालेच पैकीच्या पैकी भेटले, तर मंग परीक्षेलेच काही अर्थ नाही. सर काय म्हणून राह्यले?"

"सर म्हणतात, याच्यावर पुढं काम देता येत नाही."

हातात खोका, खोक्यात उरलेले पेढे, पिशवीतल्या फोनवर टिंगटिंग करणारे मोर. आणि डोक्यात एकच वाक्य. एकही मागं राहू देऊ नको. अरे देवा, हे मीच मागितलं होतं की! पोरीला तिघी उजळायला हव्या होत्या आणि तिघी विझलेल्या. मी मधे पडून सहाही मागून घेतल्या. देवीनं ऐकलं, आणि पोरीचं वाटोळं झालं.

लक्षात घ्या, हळद अजूनही माझ्या मनात नव्हती. मला खरोखर वाटलं की हे माझ्या नवसानंच केलं.

मग मी ठरवलं. गुन्हा माझा, तर माझ्या लेकरानं का भोगायचा? सरांना सांगून टाकायचं. मी दार ढकललं आणि त्या अंधाऱ्या खोलीत शिरले. पाठोपाठ जाऊबाई आणि पल्लवी. दोघी मला ओढून बाहेर न्यायला आल्या होत्या.

आत काळोख. टेबलावर निळा दिवा, दिव्याखाली त्या सहा जणी, आणि नारिंगी चष्मे लावलेले सर आणि मॅडम. मी सरळ दिव्यासमोर गेले आणि हात जोडले.

"सर, पोरीची काही चूक नाही. मी देवीले म्हटलं होतं का साऱ्या उजळू दे. थे तिनं आयकलं. माह्या नवसापायी झालं हे."

सर माझ्याकडे नुसते पाहत होते. मॅडमनं चष्मा काढून पुन्हा लावला. दारातून डोकावणाऱ्या किसनभाऊंनी तर हातच जोडले.

मागून जाऊबाईंचा आवाज आला, अगदी बारीक. "अवो माय. सुमन, तुह्या आंगात आलं का?"

मी खाली पाहिलं. माझे दोन्ही तळहात हिरवट पिवळे लखलखत होते! मंगळसूत्राच्या वाट्या चमकत होत्या. गाल मला दिसत नव्हते, पण किसनभाऊ ज्या भक्तीनं पाहत होते त्यावरून तेही चमकत असावेत. पदरावर तर एक मोठा फराटा.

सर फार शांत माणूस. पुण्याची सभ्य भाषा. ते म्हणाले, "ताई, जरा तशाच थांबा." मग जाऊबाईंकडे वळले. "तुम्ही आपले हात या दिव्याखाली धरता का?"

जाऊबाईंनी हात पुढे केले. साधे, काळेसावळे, कामानं रापलेले हात. कुठे काही चमक नाही.

"तुम्ही हळद लावलेली नाही?"

"मी नाही लावत," जाऊबाई म्हणाल्या. "मले चालत नाही."

सरांनी मान हलवली आणि म्हणाले, "तुम्ही आलात हे फार बरं झालं. तुमच्यामुळे कळलं. निळ्या दिव्यात हळदही चमकते." मग मला म्हणाले, "ताई, तुम्ही या ताटल्यांना हात लावला होता का?"

"नाही सर."

"अजिबात नाही?"

"ताटल्याइले नाही. झाकणाइले."

पल्लवीच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी याआधी फक्त कुकरच्या शिटीआधी ऐकला आहे. तिनं हातमोजे चढवले, पांढऱ्या चिठ्ठीची एक ताटली घेतली, पट्टी सोडवली, आणि झाकण उचलून बाजूला धरलं.

ताटली काळी ठिक्कर पडली. झाकण मात्र तिच्या हातात चमकत राहिलं. मधोमध बोटाचा गोल ठिपका, आणि बाजूला पदरानं पुसल्याचा फराटा. कोणी घाईघाईनं कुंकू पुसावं तसा. दुसरी उघडली, तीही काळी. तिसरीही. आणि हिरव्या चिठ्ठीवाल्या तिघी? झाकण काढलं तरी आतून तशाच हिरव्या, शांत. त्यांना साखर आठवत होती. ह्यांना आठवायला काही नव्हतंच, आणि ह्या खोटं बोलत नव्हत्या.

तेव्हा मला कळलं की एकीनं अंधारात राहायचं कशाला. ती अंधारात राहते म्हणून दुसरीच्या उजेडावर विश्वास बसतो. इतकं सोपं होतं हो! पोरीनं तीनदा सांगितलं होतं म्हणे.

सर हसायला लागले. आधी मिशीत, मग खुर्चीत बसून, मग चष्मा पुसत. त्यांनी पल्लवीला सगळं नव्या झाकणांत पुन्हा दाखवायला लावलं, बारीक प्रश्न विचारले, आणि शेवटी म्हणाले की काम पुढे चालू ठेवा, फक्त पूजेत हळद नको. मी पेढ्याचा खोका पुढे केला. त्यांनी पेढा उचलला, निळ्या दिव्याखाली धरून पाहिला, आणि मग खाल्ला.

उमरखेडच्या भावाला काही कळवलं नाही. आता बातमी खरीच झाली होती.

घरी मात्र मोठा वाद. नवस फळला की नाही? हे म्हणाले, ताटल्या हळदीनं चमकल्या, देवीचा संबंध नाही, कशाला पाय भाजून घेते. मी म्हटलं, पण हळद लावायची बुद्धी कोणी दिली? ते म्हणाले, असल्या बुद्धीचं खापर देवीवर फोडू नको. शेवटी जाऊबाईंनी निकाल दिला. "मागतलं काय होतं? साऱ्या उजळू दे. उजळल्या. देवीनं तिचं काम केलं. घोळ मागणारीचा हाये. चाल आता अनवाणी."

चालले. दसऱ्यानंतरचं ऊन, डांबर तापलेलं, पांढरकवडा ते केळापूर. जाऊबाई सोबत होत्या, चपला घालून, आणि दर थोड्या वेळानं विचारत होत्या, "चटके लागून राह्यले का?" मंदिरात ओटी भरली आणि या वेळी देवीला नीट, शब्द तोलून सांगितलं. तिघी उजळू दे, तिघी तशाच राहू दे, आणि कोणत्या तिघी ते पल्लवीला विचार.

बाहेर पायरीवर बसलो तेव्हा मी करंडा काढला आणि जाऊबाईंपुढे धरला. आजूबाजूला बायका होत्या. धरला तरी. हात मागे घेतला नाही.

त्यांनी करंड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग माझ्या हातातला करंडा घेतला, झाकण लावलं आणि माझ्या पिशवीत ठेवला. "धरला, पोचला मले," म्हणाल्या. "पण एका घरात एकच चमकलेली बरी."

आणि चैत्रात, बायका आल्या तेव्हा, त्या मागच्या खोलीत गेल्या नाहीत. बैठकीत बसून आल्यागेल्या प्रत्येकीला माझा हा किस्सा सांगत राहिल्या. एकदा सुरू झाल्या की थांबतील कशा!

आता या वर्षीची खंडेनवमी. प्रयोगशाळेतून बोलावणं आलं. दारात किसनभाऊ साबण, बादली आणि तांब्या घेऊन उभे. मी हात धुतले, तोंड धुतलं, मंगळसूत्र धुतलं, पुन्हा हात धुतले. पल्लवी निळा दिवा घेऊन आली आणि मला आडोशाला नेऊन माझ्या बोटांवरून फिरवत गेली. सगळं स्वच्छ. शेवटी करंगळीशेजारचं बोट आलं. नखाच्या कडेला बारीक हिरवी रेघ.

पुन्हा धुतलं. रेघ तिथेच.

"काय करू आई," पल्लवी म्हणाली. "तुह्या बोटाले आठवून राह्यलं."

मग जाऊबाईंचे हात पाहिले. त्या दिव्याखाली सुरकुत्यांशिवाय काही दिसेना. पल्लवीनं फुलांचं ताट माझ्या हातातून काढून त्यांच्या हातात दिलं. ज्या बाईला आयुष्यभर म्हटलं जायचं की हे तुमचं काम नाही, ती डोक्यावरचा पदर सावरत, ताट सांभाळत, ऐटीत आत निघाली. तराजूला फूल, सूक्ष्मदर्शकाला फूल, गरगरणाऱ्या यंत्राला फूल.

आणि मी, घरादाराचे उपासतापास करणारी, बाहेर बाकावर.

मी म्हटलं, "बाई, मले निदान दारातून तरी पाहू द्या."

जाऊबाई उंबऱ्यापाशी थांबल्या, वळल्या, आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "बस तिथंच, सुमन. तुलनेले कोणीतरी लागतेच ना."